शेजाऱ्याला कधी कळवायचं? बांधकाम, मोजणी आणि झोनबदलाआधीच्या नोटिशीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन्ही बाजूंच्या लोकांकडून येतात: घर बांधायला निघालेल्यांकडून आणि ज्यांच्या शेजारी घर उभं राहतंय त्यांच्याकडून. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातली आहेत. गोव्याचा आणि परदेशाचा विषय शेवटाकडे आहे.

घर बांधायची परवानगी मागण्याआधी शेजाऱ्याला नोटीस द्यावी लागते का?

साध्या घरासाठी नाही. हे ऐकून अर्ज करणारा सुटकेचा श्वास टाकतो आणि शेजारी चिडतो, पण कायदा तसाच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली तुम्ही अर्ज करता. महापालिका किंवा नगरपरिषद तुमचा मालकीचा कागद, मोजणीचा नकाशा, रस्त्याची रुंदी, सामासिक अंतरं (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) आणि चटईक्षेत्र (प्लॉटवर एकूण किती बांधता येतं) तपासते आणि ६० दिवसांच्या आत निर्णय कळवते. या सगळ्यात शेजारी कुठेच येत नाही. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही अपवाद सोडता राज्यभर लागू असलेल्या बांधकामाच्या एकत्रिकृत नियमावलीतही शेजाऱ्यांची यादी देऊन त्यांना कळवा, असा सर्वसाधारण नियम नाही. मुंबईत १८८८ चा महापालिका कायदा आणि २०३४ ची विकास नियंत्रण नियमावली चालते. तिथेही हेच.

यामागचा विचार साधा आहे. तुमचा नकाशा नियमात बसत असेल, तर शेजाऱ्याच्या आवडीनिवडीला जागाच उरत नाही. नियम ठरवतानाच त्याचं म्हणणं ऐकलेलं असतं, असं कायदा धरून चालतो. म्हणून शेजाऱ्याला बोलायची संधी इमारत उभी राहताना मिळत नाही. ती त्याच्या कितीतरी वर्षं आधी, शहराचा विकास आराखडा होताना येऊन गेलेली असते. बहुतेकांना ती येऊन गेल्याचा पत्ताही नसतो.

मग शेजाऱ्याला नोटीस जाते तरी कधी?

हद्द हलणार असेल तेव्हा, म्हणजे मोजणीला. जमिनीचा वापर बदलणार असेल तेव्हा, म्हणजे आराखड्यात किंवा झोनमध्ये बदल होताना. दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता मागितला तर तहसीलदार जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली लगतच्या सगळ्यांना बोलावतात. शहरात झाड तोडायचं असेल तर झाडालाच नोटीस लागते. आणि मोठ्या, प्रदूषण करणाऱ्या प्रकल्पांना जनसुनावणी असते. रस्ता सोडून बाकी प्रत्येकाबद्दल पुढे सांगितलं आहे.

खिडकीवरचे साहेब म्हणतात, "शेजाऱ्याची ना हरकत आणा." आणावी लागेल?

कशासाठी मागताहेत ते आधी बघा. तुमची आणि शेजाऱ्याची भिंत सामाईक असेल, दोन प्लॉटमधली जागा न सोडता जोडून बांधायचं असेल, तुमचा जाण्यायेण्याचा बोळ त्याच्या मालकीतून असेल, तर त्याची संमती लागणारच, कारण तुम्ही त्याच्या मालमत्तेला हात लावताय.

सात-बारावर तुमच्याबरोबर भाऊ, बहीण, चुलत्याची मुलं अशी नावं असतील, तर ते शेजारी नाहीत, सहहिस्सेदार आहेत. त्यांची सही ही वेगळी आणि जास्त वजनाची गोष्ट. वाटप न झालेल्या जमिनीत "माझा भाग इकडचा" असं तोंडी सांगून परवानगी काढायला जाऊ नका. कागद तिथेच अडतो, आणि अडला नाही तर पुढे कोर्टात अडतो.

यातलं काहीच नसेल, तर नम्रपणे विचारा: हे कोणत्या नियमाखाली हवं आहे, तेवढं त्रुटीपत्रात लिहून द्या. त्रुटी लेखी आली की तिला उत्तर देता येतं. तोंडी मागणीला उत्तर देण्यात चपला झिजतात. गावठाणात मात्र जुन्या सवयीने ही सही मागितली जाते, आणि शेजारी बोलण्यातला असेल तर ती घेऊन टाकणं सोपं पडतं. कुठे ताठ राहायचं आणि कुठे चहा पाजून सही घ्यायची, ते तुमचं तुम्हाला जास्त कळतं.

मोजणीचा अर्ज करताना शेजाऱ्यांची नावं का मागतात?

कारण हद्द दोघांची असते. हद्द कायम मोजणीचा अर्ज भूमि अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात जातो, हल्ली ऑनलाइनही. त्यात चारी बाजूंच्या लगतच्या कब्जेदारांची नावं आणि पत्ते लिहायचे असतात. कार्यालय त्यांना मोजणीची तारीख कळवतं.

इथे लोक दोन गोष्टी करतात. काही जण मुद्दाम अर्धवट पत्ता देतात, म्हणजे शेजारी येणारच नाही. काही जण दहा वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचं नाव लिहितात, कारण सात-बारावर अजून तेच आहे. दोन्हींचा परिणाम एकच: मोजणी होते, खुणा रोवल्या जातात, आणि सहा महिन्यांनी शेजारी उभा राहून म्हणतो, "मला नोटीसच नव्हती." त्याचं म्हणणं खरं निघालं की तुमची क प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, असून नसल्यासारखी. तेव्हा पत्ते नीट द्या. खातेदार वारला असेल तर सध्या जमीन कोण कसतं आहे, त्यांचं नाव आणि राहण्याचं ठिकाण सोबत लिहा. चौथ्या बाजूला ओढा, रस्ता किंवा सरकारी जमीन असेल तर तेही लिहा. मोकळी जागा सोडू नका.

नोटीस सरकारी असली तरी दोन दिवस आधी आपण स्वतः फोन करावा. भूकरमापक यंत्र लावून उभा आणि शेजाऱ्याच्या उभ्या उसातून कसं जायचं म्हणून बांधावर भांडण, हे दृश्य एका फोनने टळतं. पीक काढल्यावरची तारीख मिळाली तर फारच बरं.

शेजारी मोजणीला आलाच नाही, किंवा आला आणि सही करत नाही?

नोटीस पोचल्याची नोंद असेल तर त्याच्या गैरहजेरीत मोजणी होऊ शकते. पंच बोलावून पंचनामा होतो. सही न करणाऱ्याने सही केलीच पाहिजे असं नाही. त्याचं काय म्हणणं आहे ते जबाबात लिहून घेतलं जातं.

शेजाऱ्याच्या बाजूने सांगायचं तर घरी बसणं हा सर्वात वाईट पर्याय. जा, आपली वहिवाट दाखवा, जुनी झाडं, बांध, विहीर दाखवा आणि "मला ही हद्द मान्य नाही, कारण…" एवढं तरी लेखी नोंदवा. मोजणी चुकली असं वाटत असेल तर निमताना मोजणी मागता येते. म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून तपासणी. पण तिची फी जास्त असते, आणि पहिल्या वेळी हजर राहून हरकत नोंदवलेली असेल तर तुमच्या मागणीला वजन येतं.

तलाठ्याकडून फेरफाराची, म्हणजे दप्तरातली मालकीची नोंद बदलण्याची, नोटीस आली. शेजाऱ्याने जमीन विकली. मी हरकत घेऊ?

शेजारी म्हणून सहसा नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० खाली ही नोटीस त्या जमिनीत हितसंबंध असलेल्यांना जाते: विकणारा, घेणारा, सहहिस्सेदार, बँक. हरकतीला १५ दिवस असतात. खरेदीखतात चतुःसीमा चुकीची लिहून तुमचा तुकडा त्यात ओढला असेल, किंवा तुमचा हक्काचा रस्ता "नाही" असं लिहिलं असेल, तर जरूर घ्या. "तो आम्हाला न विचारता बाहेरच्याला विकतोय" ही हरकत होत नाही, कितीही मनाला लागलं तरी.

शेजारच्या जमिनीचा झोन बदलतोय असं ऐकलं. मला कळवायला नको?

कळवायला हवं, पण पत्र दारात येईल याची वाट बघू नका.

मंजूर विकास आराखड्यात बदल करायचा असेल, समजा हिरव्या पट्ट्यातली जमीन निवासी करायची किंवा बागेचं आरक्षण उठवायचं, तर १९६६ च्या कायद्याचं कलम ३७ लागतं. नियोजन प्राधिकरणाने राजपत्रात नोटीस द्यायची, कोणाकडूनही हरकती आणि सूचना मागवायच्या आणि त्यासाठी एक महिन्याची मुदत ठेवायची. शिवाय बदलामुळे ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना नोटीस बजावायची, त्यांची सुनावणी घ्यायची आणि मग प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. शासन स्वतः बदल करत असेल तरी हरकती मागवाव्याच लागतात. आराखडा नसलेल्या ग्रामीण भागात प्रादेशिक योजना असते. तिच्यातला बदल कलम २० खाली होतो आणि तिथेही राजपत्र, वर्तमानपत्र आणि हरकती हाच क्रम.

कायद्यात "परिणाम होणाऱ्या सर्व व्यक्तींना" असं लिहिलंय, पण त्या कोण हे मीटरमध्ये मोजून दिलेलं नाही. बागेचं आरक्षण उठलं तर त्या बागेत पोरं खेळवणारी मागची गल्ली त्यात येते का? तुम्ही म्हणाल येते. कार्यालय म्हणेल, जमिनीचा मालक तेवढा येतो. या फटीतून बरेच बदल शांतपणे निघून जातात. म्हणून राजपत्र आणि स्थानिक पेपरातल्या बारीक टाइपातल्या सूचना वाचणारा एक तरी माणूस प्रत्येक सोसायटीत असावा. निवृत्त काकांना हे काम फार आवडतं, आणि ते नीट करतातही.

संपूर्ण विकास आराखडा जाहीर झाला तर?

मग राजपत्रातल्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत कोणीही हरकत देऊ शकतं. जमीन तुमची असायची गरज नाही. कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते. सुनावणीचं पत्र हरकतीवर लिहिलेल्या पत्त्यावर येतं, तेव्हा पत्ता वाचता येईल असा लिहा.

हरकतींनी काही होत नाही असं म्हणणाऱ्यांनी मुंबई आठवावी. २०१५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने शहराच्या नव्या आराखड्याचा मसुदा जाहीर केला. त्यात इतक्या चुका आणि इतका आरडाओरडा निघाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो नव्याने करायला लावला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला आणि आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. एका माणसाच्या हरकतीने हे झालं नाही. पण पहिल्या चुका सापडल्या त्या नकाशावर आपलं घर शोधणाऱ्या माणसांनाच.

हरकतीत काय लिहायचं?

एक पान पुरतं. वर सर्व्हे किंवा गट नंबर, शहरात सिटी सर्व्हे नंबर, नोटिशीची तारीख आणि क्रमांक. मग तुमचं नातं: "मी लगतच्या गट क्रमांक अमुकचा मालक आहे आणि येथे राहतो." मग मुद्दा, आणि शेवटी तुम्हाला नेमकं काय हवं आहे. "समक्ष सुनावणी द्यावी" हे वाक्य विसरू नका.

मुद्दा कसा असावा? "पोचरस्ता प्रत्यक्ष जागेवर सहा मीटर आहे, नकाशात नऊ दाखवला आहे" हे बघावंच लागतं. "येथील शांतता भंग पावेल" असं शंभर जणांनी लिहिलं तरी ते एकाच गठ्ठ्यात जातं. नैसर्गिक नाला बुजतोय, अग्निशमनची गाडी वळत नाही, आरक्षित शाळेची जागा गेल्यावर पर्यायी जागा दाखवलेली नाही, जमीन पूररेषेत आहे: असं तपासता येण्याजोगं लिहा आणि फोटो, मोजणी नकाशा, आराखड्याची प्रत जोडा. छापील मजकुरावर नुसत्या सह्या घेऊन जाणं सोपं पडतं, पण त्यापेक्षा पाच घरांनी आपापल्या अडचणीची पाच वेगळी पत्रं दिलेली बरी. आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख घ्याच. पोच नाही म्हणजे हरकत नाही.

पेपरात "तमाम लोकांस कळविण्यात येते की…" अशी जाहीर नोटीस येते. ती हीच का?

नाही, ती वकिलाची. जमीन घेणाऱ्याने मालकी तपासायला दिलेली. त्यात शेवटी असतं: मुदतीत हरकत न आल्यास कोणाचाही हक्क नाही किंवा असल्यास तो सोडून दिला आहे असे समजण्यात येईल. हे वाक्य भारदस्त आहे, पण खाजगी नोटिशीची मुदत गेली म्हणून कोणाची मालकी किंवा वहिवाटीचा हक्क बुडत नाही. तरीही उत्तर द्या. हातात पुरावा असताना गप्प बसलात तर घेणारा पुढे म्हणतो, मी जाहीर नोटीस देऊन प्रामाणिकपणे घेतली, आणि मग सिद्ध करत बसायचं काम तुमच्याकडे येतं.

अर्जदारालाही एक सांगायचंय. अशी नोटीस दिली म्हणजे वर सांगितलेली सरकारी नोटीस झाली, असा समज बरेच जण करून घेतात. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

कायदा सांगत नसेल तर मी शेजाऱ्याला का कळवू? उगाच त्याला जाग येईल.

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, बहुधा हळू आवाजात. उत्तर जमिनीखाली आहे.

तुम्ही परवानगी वर बांधायची काढता, पण शेजाऱ्याशी संबंध येतो तो खाली खणताना. बेसमेंट, पाण्याची टाकी किंवा नुसता पाया खोदला तरी त्याच्या जुन्या भिंतीचा आधार ढळतो. आपली जमीन शेजारच्या जमिनीच्या आधाराने टिकून असते आणि तो आधार काढून घेता येत नाही, हे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात मान्य केलेलं तत्त्व आहे. नकाशा मंजूर होता हा त्यावर बचाव होत नाही. नकाशा मंजूर करणाऱ्याने शेजाऱ्याची भिंत बघितलेली नसते.

२९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत पावसात कोसळली. भिंतीच्या पलीकडे, खालच्या पातळीवर दुसऱ्या बांधकामावरच्या मजुरांची खोपटी होती. १५ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. दोन मालमत्तांच्या मधली भिंत नेमकी कोणाची जबाबदारी, हे आधी कागदावर बोलून घेण्याचं कारण याहून वेगळं सांगायला नको.

जुन्या पेठांमध्ये, वाडे पाडताना, हे आणखी नाजूक असतं. दोन वाड्यांची भिंत एकच असते, त्यात एकाच्या तुळया आणि दुसऱ्याचे कोनाडे. पाडणारा ठेकेदार घाईत असतो. इथे शेजाऱ्याला कळवून पाडकामाआधी दोघांनी मिळून त्याच्या घराचे फोटो काढायचे: कुठे भेग आहे, कुठे ओल आहे, कुठला दरवाजा आधीच घासतो. फोटोंवर तारीख, खाली दोघांच्या सह्या, जमल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरची टीप. हे केलं नाही तर काम संपेपर्यंत शेजाऱ्याच्या घरातली १९७० सालची प्रत्येक भेग तुमच्या नावावर लागते. केलं तर नवी भेग कोणती हे दोघांनाही कळतं, आणि ती भरून देणं तुमचं काम आहे हे तुम्हीही नाकारू शकत नाही.

जागा कमी असेल तर शेजाऱ्याच्या अंगणात परांची लावावी लागते. त्याला तर विचारावंच लागतं. मग सुरुवातीलाच सांगायला काय हरकत?

पत्र कसं लिहावं? नमुना मिळेल का?

असं काहीतरी:

मा. शेजारी बंधू / भगिनी,
स. न. वि. वि.
आपल्या घराच्या पूर्वेकडील आमच्या सि. स. नं. … या जागेवर तळमजला अधिक दोन मजले असे घर बांधण्याचे आम्ही योजिले आहे. परवानगीचा अर्ज दि. … रोजी दाखल करीत आहोत. आपल्या बाजूस … मीटर जागा मोकळी राहील. पायाचे खोदकाम सुमारे … फूट खोल असून ते पावसाळ्यापूर्वी पूर्ण करण्याचा विचार आहे. कामाची वेळ सकाळी … ते सायंकाळी … अशी राहील. काम सुरू होण्यापूर्वी आपल्या भिंतीची पाहणी आपल्या समक्ष करून फोटो काढावेत अशी इच्छा आहे. सोयीची वेळ कळवावी. आमच्या कामामुळे आपल्या बांधकामास इजा झाल्यास ती आमच्या खर्चाने दुरुस्त करून देऊ. नकाशाची प्रत सोबत जोडली आहे.
कळावे, लोभ असावा.

यात "आपली हरकत नसल्याचे कळवावे" असं मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्ही परवानगी मागत नाही, कळवताय. एकदा "हरकत आहे का?" असं विचारलंत की "आहे" या उत्तराचं काय करायचं ते ठरवावं लागतं. पत्र हातात द्यायला स्वतः जा आणि दुसऱ्या प्रतीवर सही घ्या. सही द्यायला तो कचरला तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याची नोंद जपून ठेवा. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिळवून टाकलं आहे, तेव्हा पोस्टात गोंधळू नका.

शेजाऱ्याने महापालिकेत तक्रारअर्ज दिला. माझी परवानगी थांबेल?

नुसत्या अर्जाने थांबायला नको. परवानगी देणारं कार्यालय मालकीचा कागद वरवर तपासतं, मालकीचा निवाडा करत नाही. हद्दीचा किंवा मालकीचा खरा वाद असेल तर शेजाऱ्याने दिवाणी न्यायालयात जाऊन मनाई आणावी, असं कार्यालय बहुधा सांगतं. प्रत्यक्षात मात्र तक्रार आली की फाइल काही आठवडे टेबलावर झोपते. तेव्हा उत्तर लगेच, कागदांसह द्या. परवानगी नाकारली तर अर्जदाराला १९६६ च्या कायद्याच्या कलम ४७ खाली ४० दिवसांत अपील आहे. शेजाऱ्याला या कलमाखाली अपील नाही.

शेजारी कोर्टात जाऊन एकतर्फी मनाई आणेल अशी भीती असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे "आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका" असा अर्ज, दाखल करा. ती ९० दिवस चालते. तिची प्रत समोरच्याला पाठवावी लागते, त्यामुळे गुपचूप काम उरकायचं असेल तर हा मार्ग तुमच्या कामाचा नाही.

मी शेजारी आहे. काम सुरू झालंय आणि मला काहीच माहीत नाही. कुठून सुरुवात करू?

आधी साइटवरचा फलक वाचा. मालक, वास्तुविशारद, परवानगीचा क्रमांक आणि तारीख त्यावर असायला हवी. प्रकल्प महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदवलेला असेल तर मंजूर नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर बसल्या जागी दिसतात. नाही तर माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशाची प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे, आणि तेवढ्यात दोन स्लॅब टाकून होतात, म्हणून अर्ज लवकर करा. मग टेप घेऊन आपल्या बाजूचं अंतर मोजा. आपल्याच जागेत उभं राहून.

नकाशाप्रमाणे काम चालू असेल तर फार काही करता येत नाही. नकाशा सोडून असेल तर प्राधिकरणाला १९६६ च्या कायद्याच्या कलम ५३ आणि ५४ खाली नोटीस देता येते, काम थांबवता येतं. खोटी माहिती देऊन परवानगी काढली असेल तर तो मुद्दा वेगळा लिहा. परवानगी मागे घेण्याचा अधिकार कलम ५१ मध्ये आहे, पण ज्याची परवानगी आहे त्याचं ऐकून घेऊनच.

"तुमचा काय संबंध?" असं कोणी विचारलं तर १९७४ चा सर्वोच्च न्यायालयाचा के. रामदास शेणॉय यांच्या खटल्यातला निकाल सांगा. उडुपीत नगरपालिकेने निवासी भागात नियमाविरुद्ध चित्रपटगृहाला परवानगी दिली होती. अशा बेकायदा बांधकामाने तिथल्या रहिवाशांच्या मालमत्तेच्या उपभोगाला बाधा येते आणि म्हणून त्यांना दाद मागता येते, असं न्यायालयाने म्हटलं.

शेजाऱ्याच्या नव्या भिंतीने माझ्या खिडकीचा उजेड जाणार. अडवता येईल?

खिडकीतून २० वर्षं सलग, कोणी न अडवता, उघडपणे उजेड-वारा येत असेल तर सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ खाली हक्क सांगता येतो. पण नुसता उजेड कमी झाला एवढ्यावर भागत नाही. घराच्या वापराला मोठी बाधा येते हे दाखवावं लागतं, आणि ते दिवाणी न्यायालयात, महापालिकेत नाही. डोंगर दिसायचा, आता दिसणार नाही, याला कायद्यात काही उत्तर नाही.

सोसायटीत किंवा नव्या प्रकल्पात शेजारी म्हणजे कोण?

तिथे कळवणं नाही, संमतीच लागते. बिल्डरला मंजूर नकाशात मोठे बदल करायचे असतील तर रेरा कायद्याच्या कलम १४ खाली घर घेतलेल्या किमान दोन तृतीयांश लोकांची लेखी संमती हवी. सोसायटीच्या पुनर्विकासाला शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयानुसार ५१ टक्के सभासदांची संमती लागते. त्याआधी ७५ टक्के लागायची. पलीकडच्या सोसायटीला मात्र इथेही कोणी विचारत नाही.

झाडाचं काय?

शहरी भागात १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकारी वर्तमानपत्रात सूचना देतो आणि तोडायच्या झाडावर नोटीस डकवतो. हरकतीला मुदत फार थोडी, सहसा सात दिवस. झाडावर कागद दिसला की फोटो काढा आणि त्याच दिवशी लिहा. पावसात तो कागद टिकत नाही.

शेजारी मोठा गृहप्रकल्प येतोय. जनसुनावणी होईल ना?

बहुधा नाही. पर्यावरणीय मंजुरीची १४ सप्टेंबर २००६ ची केंद्राची अधिसूचना खाणी, औष्णिक वीज, मोठे कारखाने यांना जनसुनावणी लावते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, किमान ३० दिवसांची सूचना देऊन. इमारत बांधकाम आणि टाउनशिप यांना त्यातून वगळलं आहे. हजार फ्लॅट येतात आणि लगतच्या वस्तीला एक कागद येत नाही, त्याचं कारण हे. मला हे चुकीचं वाटतं. कोळशाच्या खाणीइतका धूर नसेल, पण पाणी, सांडपाणी आणि रस्ता यांवरचा भार तितकाच खरा असतो.

गोव्यात काय परिस्थिती आहे?

तापलेली. तिथे प्रादेशिक आराखडा हा घराघरातला विषय आहे. लोकांच्या आंदोलनानंतर २०११ चा आराखडा सरकारला २००७ च्या सुरुवातीला मागे घ्यावा लागला होता. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं. आराखड्यातली "चूक दुरुस्त" करण्याच्या नावाखाली एकेका प्लॉटचा झोन बदलता येऊ लागला, शेजाऱ्यांच्या हरकती न मागवता. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले आणि कलमाची व्याप्ती आवळली. २०२४ मध्ये आलेल्या कलम ३९-अ मध्ये झोनबदलाआधी ३० दिवस सूचना मागवायची तरतूद आहे. त्या सूचना राजपत्रात सर्व्हे नंबरनिशी येतात. भातशेतीला लागून घर असेल तर वाचत राहा.

मुलगा न्यू जर्सीत घराला डेक वाढवतोय. तिथे शेजाऱ्यांना पत्रं पाठवावी लागतात म्हणे?

नियमात बसत असेल तर नाही. नियमातून सूट हवी असेल तर हो, आणि फार काटेकोरपणे. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे घराच्या २०० फुटांच्या आतल्या सर्व मालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी हातोहात किंवा सर्टिफाइड पोस्टाने नोटीस जावी लागते, शिवाय जाहीर सूचनाही द्यावी लागते. एडिसनसारख्या टाउनशिपकडून ती यादी अधिकृतपणे मिळते. नावामागे २५ सेंट किंवा १० डॉलर, यातलं जे जास्त असेल ती फी. नोटीस चुकली तर मंडळाला प्रकरण ऐकण्याचा अधिकारच राहत नाही आणि तारीख नव्याने घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये परवानगीच्या अर्जावर म्हणणं मांडायला सहसा २१ दिवस असतात, आणि सामाईक भिंतीसाठी १९९६ चा वेगळा कायदा आहे: भिंतीच्या कामाआधी दोन महिने आणि जवळच्या खोदकामाआधी एक महिना नोटीस. आपल्याकडच्या वाड्यांना असा कायदा मिळाला असता तर निम्मे खटले उभेच राहिले नसते.

आम्ही शहरात, जमीन गावाला. नोटीस नेमकी कुणाकडे जाते?

दप्तरात जो पत्ता आहे त्यावर. तिथे आता कुलूप असेल, किंवा भावकीतला कोणी "देतो पाठवून" म्हणून सही करून घेत असेल, तर कागदोपत्री तुम्हाला ती मिळालेलीच असते. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, सध्याचा पत्ता लेखी द्या आणि पोच घ्या. वारसनोंद राहिली असेल तर आधी ती करा, कारण मृत माणसाच्या नावाने निघालेली नोटीस कोणालाच पोचत नाही. आणि महाभूमीच्या संकेतस्थळावर "आपली चावडी" नावाचं पान आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की तिथे सध्या हरकतीसाठी खुल्या असलेल्या फेरफाराच्या आणि मोजणीच्या नोटिसा दिसतात. लॉगिन लागत नाही. फेरफाराच्या हरकतीला १५ दिवस असतात, तेव्हा दर आठवड्याला बघितलं तर सहसा काही निसटत नाही.